विधानसभेच्या जागा बदलल्या तर सोलापूर जिल्ह्याला किती? पुनर्रचनेचं गणित

पार्क_चौक (धागाकर्ता)

जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना होणार, हे ठरल्यापासून जिल्ह्यात दोन वाक्यं सारखी कानावर येतात. "२००८ ला आपल्या दोन जागा पळवल्या" हे एक आणि "आता जागा वाढणार, मंगळवेढा परत मिळणार" हे दुसरं.

आधी जिल्ह्यात १३ मतदारसंघ होते, आता ११ आहेत. उत्तर सोलापूर आणि मंगळवेढा ही नावं गेली, शहर दक्षिणचं शहर मध्य झालं. इथवर वाद नाही. पण १३ चे ११ कशामुळे झाले, राज्याचा २८८ हा आकडा कोण बदलू शकतं, बदलला तर आपल्या वाट्याला काय येईल आणि रेषा कुठून जातील, यावर जाणकारांनी लिहावं. कोणत्या नेत्याचं तिकीट कापलं जाईल ते कृपया दुसऱ्या धाग्यावर.

सीनाकाठ

"पळवल्या" हे गणितात बसत नाही, पार्क_चौक साहेब. जिल्ह्याला जागा मिळतात त्या राज्याच्या लोकसंख्येतल्या वाट्याने. राज्याची लोकसंख्या भागिले २८८, ही झाली सरासरी. जिल्ह्याच्या लोकसंख्येला या सरासरीने भागायचं आणि जवळचा पूर्णांक घ्यायचा.

१९७१ च्या जनगणनेत राज्य ५ कोटी ४ लाख १२ हजार, म्हणजे सरासरी १ लाख ७५ हजार. जिल्हा साडेबावीस लाखांच्या घरात. भागाकार १२.९, म्हणून १३ जागा. १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सगळ्या निवडणुका याच हिशेबावर झाल्या.

२००१ मध्ये राज्य ९,६८,७८,६२७, सरासरी ३,३६,३८४. जिल्हा ३८,४९,५४३. भागाकार ११.४४, म्हणून ११.

२०११ मध्ये राज्य ११,२३,७४,३३३, सरासरी ३,९०,१८९. जिल्हा ४३,१७,७५६. भागाकार ११.०७.

लोकसंख्या वाढली, वाटा घटला. २००१ ते २०११ मध्ये राज्य जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढलं, आपला जिल्हा १२ टक्क्यांनी. पोटासाठी पुण्याला, भिवंडीला गेलेला माणूस तिथे मोजला जातो, इथे नाही. त्याच पुनर्रचनेत ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर गेला, पुणे १८ वरून २१ वर. कोल्हापूर १२ चं १० झालं, सातारा १० चं ८. आपण एकटे नव्हतो.

कडक_भाकरी

हिशेब पटला. पण मग १९८१ आणि १९९१ च्या जनगणनेनंतर हे का झालं नाही? तीस वर्षं एकच नकाशा कसा चालला?

सीनाकाठ

गोठवलं होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ठरवलं की २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांची संख्या १९७१ च्या आकड्यांवरच राहील. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हे कारण. मुदत संपत आली तेव्हा ८४ व्या दुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली.

इथे एक बारकावा आहे आणि चर्चा नेमकी तिथेच घसरते. ८४ व्या दुरुस्तीने एकूण संख्या गोठवली, आतल्या रेषा मोकळ्या केल्या. त्या रेषा आधी १९९१ च्या आकड्यांवर आखायच्या होत्या. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने २००१ चे आकडे आले. म्हणून २००८ मध्ये महाराष्ट्राचे २८८ तसेच राहिले, पण जिल्ह्याजिल्ह्यात हलले. एकाचे वाढले की दुसऱ्याचे कमी होणारच.

येत्या वेळी दोन्ही कुलपं, एकूण संख्येचं आणि २००८ च्या रेषांचं, एकदम निघतात. जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, म्हणजे "२०२६ नंतरची पहिली" ही अट तीच पूर्ण करते.

टेंभुर्णी_फाटा

२८८ वाढवायचे का नाही हे विधानसभा ठराव करून ठरवू शकते ना?

चार_पुतळा

नाही. ठराव करता येईल, पण त्याला शिफारशीपलीकडे किंमत नाही. घटनेचं कलम १७० सांगतं की विधानसभेत कमीत कमी ६० आणि जास्तीत जास्त ५०० सदस्य असावेत. या मर्यादेत नेमका आकडा संसदेने केलेल्या परिसीमन (म्हणजे पुनर्रचना) कायद्याखाली नेमलेला आयोग ठरवतो. १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ असे चार आयोग आजवर झाले. २००२ च्या आयोगावर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग अध्यक्ष होते. सोबत निवडणूक आयोगाचे एक आयुक्त आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त.

प्रत्येक राज्यातून दहा सहयोगी सदस्य, पाच खासदार आणि पाच आमदार. ते बैठकीत बसतात, बोलतात, लेखी असहमती देतात. पण त्यांना मत नाही आणि आदेशावर त्यांची सही नाही. त्यामुळे "अमुक आमदाराने नकाशा फिरवला" असं म्हणताना थोडा हात आखडता घ्यावा.

मधल्या काळात संख्या वाढवायची धडपड आंध्र आणि तेलंगणाने केली. २०१४ च्या पुनर्रचना कायद्यात आंध्रच्या जागा १७५ वरून २२५ आणि तेलंगणच्या ११९ वरून १५३ करायची तरतूद होती, पण ती कलम १७० च्या अधीन. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २०२६ नंतरच्या जनगणनेपर्यंत थांबा. जम्मू-काश्मीरच्या ८३ च्या ९० झाल्या, कारण तिथे केंद्रशासित प्रदेशाचा वेगळा कायदा होता. आसामात २०२३ मध्ये सगळ्या रेषा बदलल्या, पण १२६ चे १२६ च राहिले.

मंगळवेढ्याची_ज्वारी

म्हणजे आयोगाला वाटलं तर ३०० करेल, वाटलं तर ३१०?

चार_पुतळा

तसंही नाही. कायद्यात एक अट आहे जी बातम्यांत कधी येत नाही: विधानसभेच्या जागा त्या राज्याच्या लोकसभा जागांच्या पूर्ण पटीत हव्यात. महाराष्ट्राचा इतिहासच बघा. १९६२ मध्ये लोकसभा ४४, विधानसभा २६४. १९६७ मध्ये ४५ आणि २७०. त्यानंतर ४८ आणि २८८. दर वेळी सहा पट. एका खासदाराखाली सहा आमदार, हे त्यातूनच येतं.

म्हणून ४८ खासदार तसेच राहिले तर विधानसभा २८८, नाहीतर ३३६, ३८४, ४३२ किंवा फार तर ४८०. मधला आकडा नाही. खासदार वाढले तर अख्खा पाढा बदलतो. अर्थात नवा आयोग नव्या कायद्याखाली येईल आणि संसद ही अट बदलू शकते. पण आजवरच्या आयोगांनी पाळली ती हीच चौकट.

अटलांटिक_पार

सहज भर घालतो. अमेरिकेत राज्य आपल्या विधिमंडळाचा आकार स्वतःच्या राज्यघटनेत ठरवतं, आणि तो कमी झाल्याचीही उदाहरणं आहेत. इलिनॉयच्या मतदारांनी १९८० मध्ये मतदान करून खालच्या सभागृहाच्या जागा १७७ वरून ११८ केल्या. मॅसॅच्युसेट्सने त्याआधी, १९७० च्या दशकात २४० च्या १६० केल्या. लोकसंख्या वाढत असताना!

कडक_भाकरी

आपल्याकडे कमी करायचा ठराव मांडून बघा, सभागृहात गणसंख्या तरी होईल का.

सीनाकाठ

मूळ मुद्द्यावर येऊ. सोलापूरला जागा "वाढून" मिळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे राज्याची एकूण संख्या वाढणं. वाट्याच्या जोरावर आपण वाढणार नाही, घसरण थांबली तरी पुष्कळ. २८८ कायम राहिले आणि जिल्ह्याची वाढ अशीच राज्यापेक्षा मागे राहिली, तर ११ सुद्धा पक्के नाहीत. भागाकार १०.५ च्या खाली गेला की १०.

२०११ चे आकडे धरून सराव करू. पुढचा नकाशा नव्या जनगणनेवरच होणार, हे वेगळं सांगायला नको.

राज्यात २८८ : जिल्हा ११.०७
राज्यात ३३६ : जिल्हा १२.९१
राज्यात ३८४ : जिल्हा १४.७५
राज्यात ४३२ : जिल्हा १६.६०

म्हणजे ३३६ झाले तर आपण परत १३ वर. ३८४ झाले तर १५. पण १५ जागांतही जिल्ह्याचं वजन विधानसभेत तेच, साधारण ३.८ टक्के. हे विसरून पेढे वाटू नयेत.

पार्क_चौक

आता नकाशा. तालुकानिहाय कोणी मांडेल का?

चार_पुतळा

मांडतो. २०११ ची तालुकानिहाय लोकसंख्या आणि पुढे ३,९०,१८९ च्या सरासरीने आलेला भागाकार:

उत्तर सोलापूर (शहरासह) १०,५७,३५२ — २.७१
माळशिरस ४,८५,६४५ — १.२४
पंढरपूर ४,४२,३६८ — १.१३
बार्शी ३,७२,७११ — ०.९६
माढा ३,२४,०२७ — ०.८३
सांगोला ३,२२,८४५ — ०.८३
अक्कलकोट ३,१४,५७० — ०.८१
मोहोळ २,७६,९२० — ०.७१
दक्षिण सोलापूर २,६०,८९७ — ०.६७
करमाळा २,५४,४८९ — ०.६५
मंगळवेढा २,०५,९३२ — ०.५३

आयोग सरासरीच्या वर-खाली १० टक्के चालवून घेतो. म्हणजे ०.९० ते १.१० मधे बसणारा तालुका जसाच्या तसा राहू शकतो. यादीत असा एकच आहे, बार्शी. बाकी दहा तालुक्यांना तोडजोड आलीच. तालुके अकरा, मतदारसंघ अकरा, म्हणून "तालुक्याला एक आमदार" हे दिसायला सोपं, पण आकडे तसे पडत नाहीत.

आता शेजार बघा. पूर्व-मध्य भागात उत्तर, दक्षिण, अक्कलकोट आणि मोहोळ मिळून ४.८९, म्हणजे पाच. पश्चिमेला करमाळा, माढा, माळशिरस, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा मिळून ५.२२, म्हणजे पाच. बार्शी एक. पाच, पाच आणि एक, अकरा. पश्चिमेचं थोडं उरतं आणि पूर्वेला थोडं कमी पडतं, म्हणून पंढरपूर तालुक्याची काही गावं मोहोळला जोडावी लागतात. २००८ मध्ये नेमकं तेच झालं. नकाशा विचित्र दिसतो खरा, पण त्याच्या बऱ्याचशा रेषा या यादीतून आपोआप पडतात.

मंगळवेढ्याची_ज्वारी

म्हणजे मंगळवेढा गेला तो फक्त ०.५३ मुळे?

चार_पुतळा

हो. अर्ध्या मतदारसंघाएवढी लोकसंख्या. त्याला कोणीतरी जोडायचं किंवा त्याने कोणाला तरी जोडून घ्यायचं. शेजारी पंढरपूर १.१३, आणि पंढरपूर शहर मोठं, म्हणून नाव पंढरपूरचं राहिलं. पण त्याची किंमत पंढरपूर तालुक्याने भरली. तो तालुका आज चार मतदारसंघांत वाटला गेलाय: पंढरपूर, माढा, मोहोळ आणि सांगोला. सातबाराला पंढरपूरच्या तहसील कचेरीत जायचं, आमदाराच्या पत्राला माढ्याला. मंगळवेढ्याचं नाव गेलं, पण तालुका अखंड राहिला. कोणाचं जास्त नुकसान झालं ते ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत पंढरपूरच्या बाजूने.

अकलूजकर

माळशिरस १.२४ आहे, म्हणजे वरचे ०.२४ काढावे लागणारच, मान्य. पण ते भीमा ओलांडून माढ्यालाच का द्यायचे? "भौगोलिक सलगता" म्हणतात ती हीच का?

सीनाकाठ

प्रश्न रास्त आहे. कायद्यात शब्द आहेत ते असे: मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा, नैसर्गिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळणाची सोय आणि लोकांची सोय बघावी. नदी ओलांडू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. नदीवर पूल आहे का आणि त्यावरून एसटी जाते का, हे बघितलं जातं.

माढ्यालाच का, तर करमाळ्यामुळे. करमाळा ०.६५. त्याला जिल्ह्यातलं भरायला माढाच आहे, कारण पलीकडे उजनीचं पाणी आणि बाकी बाजूंना दुसरे जिल्हे. विधानसभा मतदारसंघ शक्यतो जिल्ह्याबाहेर नेत नाहीत. म्हणून माढ्याची ३६ गावं करमाळ्याला गेली. मग माढा अपुरा पडला. तो भरायला माळशिरस आणि पंढरपूर. ही साखळी आहे, एका टोकाला ओढलं की दुसरं टोक हलतं. हरकत घेणाऱ्यांना नेमकं हेच उमगत नाही.

टेंभुर्णी_फाटा

पण लोकसभेला जिल्हा ओलांडलाय की. बार्शी धाराशिवमध्ये, आणि माढा लोकसभेत साताऱ्याचे फलटण आणि माण.

सीनाकाठ

लोकसभेला चालतं. अट इतकीच की एक विधानसभा मतदारसंघ पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात असावा. आपल्याकडे अकरा विधानसभा, सहाचा गठ्ठा. एक गठ्ठा सोलापूरचा पूर्ण झाला, उरले पाच. त्यातले चार माढ्याला, वर फलटण, माण. बार्शी धाराशिवच्या पाचांना सहावी. हा सहाचा पाढा बदलला, समजा सात झाला, तर हे गठ्ठेही नव्याने बांधले जातील. तेरा विधानसभांमध्ये सातचा एक गठ्ठा पूर्ण होतो आणि सहा उरतात, त्यांना बाहेरचा एकच लागेल.

पार्क_चौक

मग चार_पुतळा साहेब, ३३६ धरून नकाशा होतो का बघा. म्हणजे १३ कसे पडतील.

चार_पुतळा

३३६ ला सरासरी ३,३४,४४७. दहा टक्क्यांची चौकट साधारण ३ लाख १ हजार ते ३ लाख ६८ हजार.

शहर आधी. महापालिका हद्द २०११ मध्ये ९,५१,५५८. तीन भाग केले तर प्रत्येकी ३ लाख १७ हजार, सरासरीपेक्षा पाच टक्के कमी. म्हणजे शहराचे तीन निव्वळ मतदारसंघ. आज शहराचा एक तुकडा दक्षिण सोलापूरला जोडलेला आहे, तो सुटेल. उत्तर तालुक्याचा ग्रामीण भाग साधारण लाखभर, दक्षिण २ लाख ६१ हजार. दोन्ही मिळून एक मतदारसंघ, चौकटीच्या वरच्या कडेला टेकून. अक्कलकोट ०.९४, स्वतंत्र. मोहोळला २४ हजार कमी पडतात, ते पंढरपूर तालुक्यातून. हे झाले सहा.

बार्शी १.११, म्हणजे चौकटीच्या जेमतेम पाच हजारांनी बाहेर. एखाद-दुसरा सजा (एका तलाठ्याकडची गावं) काढावा लागेल किंवा आयोग तेवढं सोडून देईल. सात.

पश्चिमेला सांगोला ०.९७, आहे तसा. माळशिरस १.४५, माढा ०.९७, करमाळा ०.७६ मिळून ३.१८, तीन मतदारसंघ; साखळी आजच्यासारखीच. पंढरपूर १.३२ आणि मंगळवेढा ०.६२ मिळून १.९४. मोहोळचे २४ हजार वजा केले तरी दोन मतदारसंघ नीट बसतात. म्हणजे मंगळवेढ्याचं नाव परत येऊ शकतं, पण पंढरपूर तालुक्याची किमान पंचाण्णव हजार वस्ती सोबत घेऊनच. एकूण तेरा.

३८४ झाले तरी मंगळवेढा एकटा उभा राहत नाही. तिथे सरासरी २,९२,६४१, किमान लागतील २ लाख ६३ हजार, त्यामुळे ५७ हजारांची तूट राहते.

मंगळवेढ्याची_ज्वारी

५७ हजार म्हणजे दोन महसूल मंडळं. चालंल की.

कडक_भाकरी

आणि राखीव जागा? मोहोळ आणि माळशिरस पुढच्या वेळी खुले होणार, असं सगळे गृहीत धरून बसलेत.

सीनाकाठ

गृहीत धरू नये. जिल्हा परिषदेसारखं इथे दर निवडणुकीला आरक्षण फिरत नाही. पुनर्रचनेच्या वेळी नव्याने ठरतं आणि पुढच्या पुनर्रचनेपर्यंत टिकतं. अनुसूचित जातीच्या जागा जिथे त्यांचं प्रमाण तुलनेने जास्त आहे अशा भागांत, पण राज्यभर विखरून. अनुसूचित जमातीच्या जिथे प्रमाण सर्वांत जास्त आहे तिथे. तिथे विखरण्याची अट नाही.

आज राज्यात जातीच्या २९ आणि जमातीच्या २५ जागा आहेत, २००१ च्या प्रमाणावर. २०११ मध्ये राज्यात अनुसूचित जातींचं प्रमाण ११.८ टक्के निघालं. २८८ कायम धरले तरी जागा ३४ होतात. आपल्या जिल्ह्यात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अकरात दोन आहेतच, तेरातही दोन पडतील. कुठे, ते रेषा पडल्यानंतरच कळतं. १९७० च्या दशकातल्या नकाशात उत्तर सोलापूर आणि मंगळवेढा राखीव होते, २००८ मध्ये मोहोळ आणि माळशिरस. गावं इकडची तिकडे झाली की टक्केवारीचा क्रम बदलतो.

यात महिला आरक्षणाची भर आहे. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीप्रमाणे एक तृतीयांश जागा, राखीव जागांमध्येही एक तृतीयांश, आणि हे पुनर्रचनेला जोडलेलं आहे. तेराच्या हिशेबात चारेक मतदारसंघ.

अकलूजकर

हरकती नोंदवायच्या तर त्या कशा? मागच्या वेळी पोतंभर अर्ज गेले म्हणतात, उपयोग काय झाला?

चार_पुतळा

बहुतेक अर्ज पडतात ते एकाच कारणाने: "आमचं गाव अमुक मतदारसंघात नको" एवढंच लिहिलेलं असतं. तिथून काढलेली लोकसंख्या कुठून भरायची, याचा पत्ता नसतो. आयोगासमोर टिकणारा अर्ज म्हणजे अदलाबदलीचा अर्ज.

आधी क्रम समजून घ्या. जिल्हा निवडणूक कार्यालय तालुका, मंडळ, सजा आणि गाव असे जनगणनेचे आकडे आणि नकाशे देतं. आयोग जिल्ह्याला किती जागा ते ठरवतो. सहयोगी सदस्यांशी बैठक होते. मग मसुदा राजपत्रात येतो, सहयोगी सदस्यांच्या असहमतीसकट, आणि हरकतींची शेवटची तारीख जाहीर होते. नंतर जाहीर सुनावणी, मग अंतिम आदेश. मसुदा ते शेवटची तारीख हा काळ थोडा असतो. मसुदा आल्यावर आकडे शोधायला बसलं तर उशीर झाला म्हणून समजा.

अर्जात काय हवं: गावाचं नाव जनगणनेच्या गाव क्रमांकासह, कारण एकाच नावाची दोन-दोन गावं आपल्या जिल्ह्यात आहेत. एकूण लोकसंख्या, अनुसूचित जातींची लोकसंख्या. सध्याचा सजा आणि मंडळ. मागणी मान्य केल्यावर दोन्ही मतदारसंघांची नवी बेरीज आणि सरासरीपासूनचा फरक टक्क्यांत. मतदारसंघ सलग राहतो हे दाखवणारा मंडळाचा नकाशा, रंगवलेला. शेवटी दळणवळण: तहसील किती किलोमीटर, मधे नदी असेल तर पूल कुठे, पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो का. दोन पानांत बसलं पाहिजे.

सजा फोडायची मागणी शक्यतो करू नका. ग्रामीण भागात सजा हा सर्वांत लहान घटक धरतात, त्याच्या खाली जायला आयोग नाखूश असतो.

आणि मतदारांची संख्या देऊ नका! अर्धे अर्ज मतदार यादीच्या आकड्यांवर केलेले असतात. पुनर्रचनेत मोजतात ती लोकसंख्या, मतदार नाहीत.

टेंभुर्णी_फाटा

आदेश झाल्यावर कोर्टात?

सीनाकाठ

राजपत्रात आला की आदेशाला कायद्याचं बळ. कायदा आणि घटनेचं कलम ३२९ दोन्ही सांगतात की त्याला न्यायालयात आव्हान नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये मेघराज कोठारी खटल्यात ते पक्कं केलं. २०२४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात न्यायालयाने थोडी फट ठेवली: आदेश उघडउघड मनमानी असेल, घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर तपासता येईल. गाव इकडे की तिकडे, या वादासाठी ती फट उपयोगाची नाही. जे करायचं ते हरकतीच्या मुदतीत.

आदेशानंतर निवडणूक आयोग फक्त छपाईच्या चुका आणि बदललेली नावं दुरुस्त करू शकतो. गाव उचलून दुसरीकडे ठेवू शकत नाही.

जुळे_सोलापूर

शहराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. २००८ च्या आदेशात शहराचे भाग लिहिलेत ते २००१ च्या जनगणनेच्या वॉर्ड क्रमांकांनी. महापालिकेचे प्रभाग त्यानंतर पार बदलले, २०१७ पासून १०२ नगरसेवक आणि २६ प्रभाग. त्यामुळे एकाच प्रभागाचे मतदार दोन विधानसभा मतदारसंघांत असू शकतात. "प्रभाग अमुक शहर मध्यमध्ये घ्या" असा अर्ज केला तर तो जनगणनेच्या वॉर्डांत किंवा गणना गटांत बसवून द्यावा लागेल. आयोग प्रभाग ओळखत नाही.

ग्रामीण भागातही हेच. नवीन मंडळं, नवे सजे निघाले, पण मतदारसंघ जुन्या मंडळांच्या सीमेवरच चालतोय. जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा १ जानेवारी २०२६ ते ३१ मार्च २०२७ गोठवलेल्या आहेत. अर्जात त्या गोठवलेल्या सीमांचीच नावं वापरा. नंतर निघालेलं मंडळ लिहिलं तर तक्त्यात जुळणार नाही आणि अर्ज बाजूला पडेल.

कडक_भाकरी

ताई, हे महत्त्वाचं सांगितलंत. अजून एक घोळ: जिल्हा परिषदेचे गट बदलले की लोकांना वाटतं विधानसभा बदलली.

जुळे_सोलापूर

दोन्हींचा संबंध नाही, भाऊ. जिल्हा परिषदेचे ६८ गट आणि पंचायत समित्यांचे १३६ गण हे राज्याच्या कायद्याने, दर निवडणुकीला बदलू शकतात. विधानसभा केंद्राच्या आयोगाची. गटाची रेषा विधानसभेची रेषा ओलांडून गेलेली असू शकते.

मंगळवेढ्याची_ज्वारी

जागा वाढल्या की मंत्रीही वाढणार का?

चार_पुतळा

मर्यादा वाढते. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत. २८८ ला ४३, ३३६ ला ५०. विधान परिषद मात्र आपोआप वाढत नाही. ती विधानसभेच्या एक तृतीयांशाहून जास्त नको एवढीच अट, आणि आज ७८ म्हणजे मर्यादेच्या बरीच खाली आहे.

पार्क_चौक

एक राहिलं. समजा आदेश निघाला आणि विधानसभेची मुदत शिल्लक आहे, तर आमदार कोणत्या मतदारसंघाचा? आणि मधेच पोटनिवडणूक लागली तर?

सीनाकाठ

चालू विधानसभा विसर्जित होईपर्यंत जुनेच मतदारसंघ. पोटनिवडणूकसुद्धा जुन्याच हद्दीत आणि जुन्याच आरक्षणावर. २००८ चा आदेश राज्यात प्रत्यक्ष वापरला गेला तो २००९ मध्ये.

दरम्यान कामं असतात ती प्रांत आणि तहसील कचेरीत. मतदार यादीचे भाग नव्याने पाडणं, भाग क्रमांक बदलणं, मतदान केंद्र जोडणं. रेषेवरच्या गावांत नावं गळतात किंवा दोनदा येतात ती याच टप्प्यावर. नवी प्रारूप यादी लागली की गावाचं नाव, भाग क्रमांक आणि स्वतःचं नाव तिन्ही तपासायचं. नाव गळलेलं असेल तर मुदतीत नमुना ६, दोनदा आलं असेल तर ७.